ओला गड्डा पोटात घ्यायचा

मॅच आपण एक-शून्यने हरलो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत भलत्याच आशेवर राहील. तो एक गोल माझ्या मुलीच्या हातून सुटला, हेही सांगतो. रांजणगावच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. लोखंडी भाग हातात घेऊन त्यातली खोट काढणं हा माझा धंदा, आणि घरी आलो तरी ती सवय सुटत नाही. भाजीत मीठ जास्त, दाराची कडी सैल, पोरीचं अक्षर वाकडं. बायको म्हणते, "तुमच्या तोंडातनं एकदा तरी 'चांगलं हाय' असं ऐकू द्या." तर आज तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय.

आम्ही तळेगाव ढमढेरेचे. घरच्या वावरातली भाजी बायको बघते. कोबी काढणीला आला की सकाळी पिकअप वावराच्या कडेला लागायची. बायको खाली उभी राहून गड्डे वर फेकायची आणि मुलगी हौद्यात उभी राहून ते झेलायची, थर लावायची. दहा वर्षांची असल्यापासून हे काम तिचं. गड्डा पडला की फुटतो, आणि फुटलेल्या गड्ड्याला बाजारात कुणी विचारत नाही. थंडीच्या दिवसांत त्यांच्यावर दहिवर असायचं, हातातून साबणासारखे सटकायचे. पहिल्या दिवशी लागोपाठ तीन पडले. मी बांधावरूनच ओरडलो. बायको ओरडली नाही, की फेकायचीही थांबली नाही.

"ओला गड्डा हातात न्हाई घ्यायचा," ती म्हणाली. "पोटात घ्यायचा."

मग पोरगी गुडघे वाकवून, कोपरं आत घेऊन एकेक गड्डा पोटाशी कवटाळायला लागली. यात माझं काम एवढंच की गाडीचा मागचा फाळका लावायचा. शेवटचा गड्डा वर गेला की बायको म्हणायची, "भरली!" मी फाळका लावून त्याच्यावर दोन थापा मारायचो आणि ड्रायव्हर गाडी सुरू करायचा.

शाळेत मुलींचा फुटबॉलचा संघ काढला तेव्हा गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार होईना. खेळाच्या सरांनी हिला उभं केलं. चेंडू तिच्याकडे गेला की तिथेच राहायचा. तिथून ती पुण्याच्या खेळाडूंच्या वसतिगृहात गेली, मग राज्याच्या संघात, आणि शेवटी भारताच्या वीस वर्षांखालच्या संघात, पण राखीव म्हणून. प्रत्येक पायरीवर मी काहीतरी खोट काढलीच. उंची कमी पडेल, कॉलेज बुडेल, गुडघे जातील.

संघ मलेशियाला एक मैत्रीपूर्ण सामना खेळायला निघाला, तेव्हा खुटबावचा माझा मेहुणा घरी येऊन बसला. "दाजी, भाची देशाकडनं चाललीया आन् आपून हितं बसायचं व्हय?" मी म्हणालो, "ती बाकावर बसणार आहे. बाकावर बसलेली पोरगी बघायला समुद्र ओलांडायचा?" बायकोने माझ्याकडे न बघता भावाला विचारलं, "पासपोर्टाला किती दिस लागत्यात रं?"

असे आम्ही तिघं गेलो. आणि मॅचच्या आदल्या दिवशी पोरीचा फोन आला. मुख्य गोलकीपरचा घोटा सुजला होता. "पप्पा, उद्या मी हाय." एवढं बोलून तिने फोन ठेवला. तो घोटा बरा झाला की ही पुन्हा बाकावर जाणार, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. म्हणजे तिच्या वाट्याला ही एकच मॅच होती.

दुपारी चारला खेळ सुरू झाला तेव्हाच आभाळ काळंभोर होतं. अर्ध्या तासात वारा सुटला, कोपऱ्यातली निशाणं आडवी झाली आणि पाऊस असा आला की पलीकडचा गोल दिसेना. आमच्या जागेवर छत नव्हतं. दारात मिळालेल्या प्लास्टिकच्या पिशव्या लोक डोक्यावर धरून बसले. बायकोने तिच्या मोठ्या पिशवीचा एक कोपरा आत दुमडला आणि वावरात पोत्याची करतात तशी खोळ करून डोक्यावर घेतली. शेजारच्या मलेशियन आजीबाईंनी ते बघितलं आणि आपली पिशवी हिच्यापुढे धरली. हिने त्यांना खोळ करून दिली. मग त्यांच्या मागच्या रांगेतल्यांना. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण थोड्या वेळाने त्या दोन रांगांत आमच्या तळेगावच्या बायका बसल्यासारखं दिसत होतं. मला हसूही आलं आणि खरं सांगतो, अभिमानही वाटला.

आणि तेवढ्यात तो गोल झाला. लांबून मारलेला साधा चेंडू होता. पोरीने दोन्ही हात पुढे केले, चेंडू हातमोज्यांत आला, सटकला आणि तिच्या पायांमधून हळूहळू रेषेपलीकडे गेला. तिने वळून त्याच्याकडे बघितलं, ते बघणं मला अजून आठवतं.

"गेलं," मी म्हणालो.

बायकोने वळून माझ्याकडे रागाने बघितलं.

लगेच वीज कडाडली, भोंगा वाजला आणि पंचांनी खेळाडूंना आत नेलं. आम्हालाही वर छताखाली जायला सांगितलं. तिथल्या एका तमिळ पहारेकऱ्याने मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं, की विजा थांबल्या आणि मैदान निथळलं तर पुढचा खेळ होईल, नाहीतर मॅच इथेच संपली. मेहुणा मैदानाकडे टक लावून बसला होता. माणसं रबरी फळ्यांनी पाणी ढकलत होती आणि बघता बघता पाणी जमिनीत जिरत होतं. "दाजी, आमच्या वावरात येवढ्या पावसाचं पानी चार दिस हलत न्हाई. ह्यांनी खाली काय घातलंय ओ?" तो तिथल्या निचऱ्यावर फिदाच झाला होता.

मी मात्र काय करत होतो, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी मनातल्या मनात पाऊस मागत होतो. अजून पड, अजून पड, मॅच रद्द होऊ दे. एक गोल खाल्ला तेवढं पुरे, लोकांसमोर अजून तिची शोभा नको. बापाच्या काळजीचं नाव देऊन मी तिला कारखान्यातल्या खोटीच्या मालासारखं नापासांच्या पेटीत टाकून मोकळा झालो होतो.

बायको कठड्याला धरून उभीच होती. बस म्हटलं तर बसेना. तिचे ओठ हलत होते. मी कान दिला, तर ती पावसाला सांगत होती, "थांब रं बाबा. माझ्या लेकीचं काम अर्ध्यावर ऱ्हायलंय."

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली.

तासाभराने पंच छत्री घेऊन बाहेर आले. त्यांनी मैदानाच्या मध्यावर चेंडू वरून सोडला. तो चिखलात बसल्यासारखा तिथेच बसला. ते आत गेले. अर्ध्या तासाने पुन्हा आले, पुन्हा चेंडू सोडला. या वेळी तो गुडघ्याएवढा उसळला. बायकोने डोळे मिटून कठड्यावर कपाळ टेकवलं.

निम्मी माणसं घरी गेली होती. आम्ही खाली, गोलच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. पाऊस बारीक लागूनच होता. पोरगी वीस पावलांवर आमच्याकडे पाठ करून उभी, आणि मैदान इतकं शांत की हाक मारली असती तर पोचली असती.

"अगं, सांग की तिला," मी म्हणालो. "पोटात घे म्हणून सांग."

"तिला म्हाईत हाय," बायको म्हणाली. "आपून बोलाया लागलो तर तिचं ध्यान आपल्याकडं यील. गप ऱ्हावा."

जिचा आवाज तीन वावरं ओलांडून जातो, ती बाई अख्खा वेळ ओठ घट्ट मिटून उभी राहिली. तिने वर्षानुवर्षं फेकलेले हजारो गड्डे मी पाहिले होते, पण तिचं हे न बोलणं त्याहून मोठं काम होतं. मला ते जमलं नसतं. मेहुण्यालाही नाही, त्याने तर रुमाल तोंडात धरला होता.

मध्यंतराला बाजू बदलल्या, तसे आम्हीही तिच्या पाठोपाठ दुसऱ्या गोलमागे गेलो. चेंडू फारसा आमच्या बाजूला आलाच नाही. आपल्या पोरी दुसऱ्या टोकाला गोलसाठी धडपडत होत्या, पण होत नव्हता. आणि मग अगदी शेवटी त्यांची एक उंच पोरगी एकटीच सुटून पुढे आली. तिने चेंडू जमिनीलगत मारला. ओल्या गवतावरून तो घसरत, वेग घेत आला.

पोरीने हात पुढे केले नाहीत. तिने गुडघे वाकवले, कोपरं आत घेतली, चेंडू पोटात घेतला आणि तशीच त्याच्यावर पालथी पडली. पाणी उडालं. समोरच्या पोरी थांबल्या. चेंडू तिच्याखालून बाहेर आला नाही.

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. हरणाऱ्या संघाने अडवलेला एक चेंडू, त्याचं कुणाला काय?

बायको इतक्या वेळात पहिल्यांदा खाली बसली. खोळ डोक्यावरून मागे सारली आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "भरली."

माझ्या डोळ्यांतलं पाणी पावसात खपून गेलं. समोर लोखंडी कठडा होता. मी हात उचलला आणि त्याच्यावर जोरात दोन थापा मारल्या.

चिखलात चेंडू कवटाळून पडलेल्या माझ्या पोरीने मान वळवून आमच्याकडे बघितलं.