आगीच्या सरावाला एक मुलगी कमी

ताई बस चालवतात आणि मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर. सात वर्षं आम्ही एकत्र ड्युटी करतोय. समोर अचानक ट्रक आडवा आला तरी त्यांचा हात हलत नाही. बाकीचे ड्रायव्हर म्हणतात, या बाईच्या अंगात रक्ताऐवजी डिझेल आहे. त्याच बाईला मी भीतीनं पांढरंफटक पडलेलं पाहिलं.

त्यांची एकुलती एक मुलगी पंधरा वर्षांची. घरात तिला मनी म्हणत. मनी स्वमग्न. पुस्तकांचा फडशा पाडायची, पण आपल्याला जो आवाज नुसता ऐकू येतो, तो तिला लागायचा. उजेडाचं, गर्दीचंही तेच. शाळेत दिवसभर हे सोसून घरी आली की दप्तरासकट जमिनीवर आडवी. आवाज अडवणारे मोठे हेडफोन कानांवर असले, तर कसंबसं निभायचं.

त्या दिवशी सकाळी अकराला गाडी शेवटच्या थांब्याला लागली आणि ताईंचा फोन वाजला. शाळेतून होता. परीक्षेच्या वर्गातल्या बाईंनी मनीचे हेडफोन बाहेर ठेवायला लावले होते. पेपर चालू असतानाच आगीच्या सरावाचा भोंगा वाजला. मुलं मैदानात आली, मोजली, तर एक कमी.

"कमी म्हणजे?" ताई एवढंच बोलल्या. पलीकडचं ऐकून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

शाळा तिथून दोन गल्ल्या पुढे. मी थांब्यावरच्या चौकीत बदली ड्रायव्हर मागितला आणि आम्ही धावत सुटलो. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "निळ्या कपड्यातली एक पोरगी मागच्या भिंतीकडे पळताना दिसली. रेल्वेच्या रुळांच्या बाजूला."

सगळी शाळाच निळ्या कपड्यात. तरी ताई फाटकापाशीच थांबल्या. मैदानात कर्ण्यावरून मनीच्या नावाचा पुकारा चालला होता, "असशील तिथून समोर ये!"

"मास्तर, रुळांकडे तुम्ही जा," ताई मला म्हणाल्या. "मला नाही बघवणार."

मी पडक्या भिंतीवरून उडी मारली. खडीवरून पळताना शिट्टी ऐकू आली. एरवी मी देवाबिवाला मानत नाही, पण त्या मिनिटभरात डोळे मिटून सगळ्या देवांना एकदम हाका मारल्या. गाडी धडधडत गेली. मी डोळे उघडले. रूळ रिकामे. पलीकडच्या झाडाखाली, मोजणीनंतरच्या गोंधळात सटकलेली भलतीच पोरगी पेरू खात होती.

परत आलो तर कर्णा गप्प. ताईंनी मुख्याध्यापिकांना सांगितलं होतं, "आधी हे बंद करा. तुम्ही जितक्या हाका माराल, तितकी ती आत आत जाईल." मग त्या शाळाभर एकच शोधत फिरल्या: अंधारी, अरुंद, मऊ जागा.

मनी सापडली खेळाच्या खोलीत, भिंतीला टेकवलेल्या गाद्यांच्या मागे. गुडघे छातीशी, आणि डोकं भिंतीवर आपटत होती. खेळाचे सर तिला ओढून काढायला वाकले.

"हात लावू नका!" कुजबुजीतही ओरडता येतं, हे मला तेव्हा कळलं.

ताईंनी अंगातला खाकी कोट काढून डोकं आणि भिंत यांच्यामध्ये सरकवला. मग त्या धुळीतच, हातभर अंतरावर, पाठ करून आडव्या झाल्या. "बाळा" नाही, की पाठीवर हात नाही. आम्ही दारातच उभे. पाऊण तासानं आपटणं थांबलं आणि मनीनं दोन बोटांनी ताईंची बाही धरली.

मला वाटलं, सुटलो. ताईंची खरी भीती तर पुढेच होती. मनी अकरा दिवस अंथरुणातून उठली नाही. एक शब्द नाही. पाणी आणि दिवसाकाठी एखादा उकडलेला बटाटा. तान्ह्या लेकराचं बघावं तसं ताई चादर वरखाली होतेय ना, ते बघत बसायच्या. त्यांचा भाऊ येऊन म्हणाला, "लाडानं डोक्यावर बसवलीस. उठव, चार कामं सांग."

"ती आळसावलेली नाही रे, ती संपलीय," ताई म्हणाल्या. पण मला फोनवर विचारलं, "मास्तर, ती अशीच राहिली तर?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वर्षानुवर्षं सोसलेलं एका दिवसात उतरत नाही. काही मागू नका, उजेड-आवाज कमी करा, पाणी पिणं थांबलं तर मात्र लगेच आणा. ताईंनी रजा टाकली. गळका नळ बदलला, भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. प्रश्न विचारणं सोडून उशाशी दोन कार्डं ठेवली, 'हो' आणि 'नको'.

बाराव्या दिवशी मनीनं बटाट्यावर 'नको'चं कार्ड ठेवलं आणि गंजल्या आवाजात म्हणाली, "मीठ."

ताई न्हाणीघरात जाऊन रडल्या.

शाळेचं ते वर्ष वाया गेलं. आता मनी तीनच तास शाळेत जाते, पेपर वेगळ्या खोलीत देते, आणि हेडफोनला मुख्याध्यापिकांची लेखी परवानगी आहे. आठवड्यातले एक-दोन दिवस अजूनही अंथरुणातच जातात. बरी असली की दुपारच्या रिकाम्या फेरीला आमच्या गाडीत बसते, खिडकीपासून दूर. ताईंची नजर सारखी आरशात.

"ताई, रस्त्याकडे बघा. तिच्याकडे मी बघतो," मी म्हणतो.

त्या मान हलवतात, आणि पुन्हा आरशात बघतात.