गेटपर्यंतचे ड्रायव्हर

गॅरेजात एखादी गाडी खोलून पुन्हा जोडली की दोन-चार नट-बोल्ट उरतातच. ते कुठले हे कुणालाच सांगता येत नाही, आणि गाडी तर मजेत चालत असते! टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून ते एका डब्यात जातात. काउंटरवर बसणाऱ्या माणसाकडे किस्से असेच साठतात. मी बहारीनमध्ये, मीना सलमान बंदराजवळच्या एका गॅरेजच्या काउंटरवर अकरा वर्षं बसलो. सत्तरचं दशक संपता संपता माझा डबा बऱ्यापैकी भरला होता.

हे उरलेल्या नटांचं उस्मानभाईंसमोर मात्र बोलायची सोय नव्हती. "माझ्या गाडीतून नट उरत नाय. उरला तर तो कंपनीनेच जास्तीचा घातलेला!"

उस्मानभाई आमचे सीनियर मेकॅनिक. दाभोळचे. बुटके, काटक, आणि कान असे की गाडी गेटातून आत येतानाच तिचं काय दुखतंय ते सांगायचे. मी चिपळूणचा, त्यामुळे आमचं मराठीत जमायचं. गिऱ्हाईक बहुतेक इंग्रज. त्यांचा प्रश्न ऐकायचा, मागे जाऊन उस्मानभाईंना सांगायचा, आणि त्यांचं उत्तर धुऊन-पुसून, इस्त्री करून इंग्रजीत परत आणायचं, ही माझी नोकरी.

इंग्रज माणूस गाडीबद्दलचा प्रश्न आधी मेकॅनिकला विचारत नाही. आधी तो दुसऱ्या इंग्रजाला विचारतो. क्लबात तिघांना विचारून चार मतं गोळा झाली की मग तो आमच्याकडे यायचा. सल्ला मागायला नव्हे, त्यातलं कुठलं मत बरोबर ते आमच्याकडून वदवून घ्यायला!

*

प्रिंगल साहेब बँकेत होते. उम्म अल हस्समला राहायचे. दर शुक्रवारी सकाळी बाही दुमडून स्वतः गाडी धुवायचे, नळी लावून, तासभर. दोन वर्षांत गाडीचे दरवाजे खालून कुरतडल्यासारखे झाले. त्यांच्या शेजारी एक कॅप्टन राहायचे, बंदरातून रिटायर झालेले. त्यांनी गाडी घेतल्यापासून तिला पाणी दाखवलं नव्हतं. ती ठणठणीत!

प्रिंगल साहेबांचा प्रश्न होता, "पॉलिश कुठलं वापरू?"

उस्मानभाईंनी दरवाजावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. "भाऊ, साहेबांना सांग, धुवायची बंद कर. नायतर आता लिंबू पिळ आणि खा."

तेव्हा आमच्या नळाला मचूळ पाणी यायचं. पिण्याचं गोडं पाणी वेगळं विकत घ्यावं लागे. मी सांगितलं, "सर, धुणं जरा कमी केलंत तर बरं." त्यांचा चेहरा असा झाला की मी जणू त्यांना आंघोळच बंद करायला सांगितली होती. मग म्हणालो, "किंवा गोड्या पाण्याने धुवा." हे त्यांना पटलं.

तीन आठवड्यांनी मिसेस प्रिंगल काउंटरवर आल्या. गाडी न घेता, टॅक्सीने. "त्या उस्मानला विचार," त्या म्हणाल्या, "गाडी आता छान आहे. पण रविवारपासून आमचा चहा खारट का लागतो?"

*

मिसेस हार्पर शाळेत शिकवायच्या. त्यांच्या वडिलांनी यॉर्कशरमध्ये त्यांना शिकवलं होतं की सकाळी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून गरम करावं, मगच निघावं. ते त्या ऑगस्टमध्येही पाळायच्या. आमच्या ऑगस्टमध्ये बॉनेटवर पापड भाजता येतो! जुफैरचा रस्ता लागेपर्यंत गाडी वाफा सोडायची.

उस्मानभाईंनी विचारलं, "बाईंचे वडील बहारीनला आलेले का?"

मी हे विचारलं नाही. मी थर्मोस्टॅट खराब आहे, पार्ट यायला आठवडा लागेल, इतकंच सांगितलं. तोवर काय करू, त्यांनी विचारलं. उस्मानभाईंनी खरा उपाय सांगितला, "काटा वर गेला की हीटर फुल सोडायचा. इंजिनची गरमी आत येते, इंजिन थंड राहतं." हा उपाय अडीअडचणीचा, दोन मैलांपुरता.

पार्ट आला. बाई आल्या नाहीत. दोन फोन केले, तरी नाहीत. महिन्याने आल्या त्या उकडलेल्या कोळंबीसारख्या लालबुंद. हातात टॉवेल, केस कपाळाला चिकटलेले. "तुमचा सल्ला उत्तम आहे!" त्या म्हणाल्या. "गाडी अगदी थंड असते. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलंय!"

*

आता उस्मानभाईंचं दुखणं सांगतो. एवढा माणूस, पण त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं. गॅरेजच्या आवारात ते गाडी पुढे-मागे अशी फिरवायचे की बघत राहावं. पण गेटाशी आले की ब्रेक, आणि खाली उतरायचं. पुढे रस्त्यावर ट्रायल घ्यायला आमचा टेस्ट ड्रायव्हर थॉमस, नाहीतर मॅनेजर विलकॉक्स साहेब. नियमच होता, लायसन्सवाल्याशिवाय गिऱ्हाइकाची गाडी गेटाबाहेर जाणार नाही. बारा वर्षं उस्मानभाई गेटपर्यंतचे ड्रायव्हर होते.

हसण्यावारी नेलं असतं. पण आमचा फोरमन नोकरी सोडून जाणार होता, आणि विलकॉक्स साहेबांनी उस्मानभाईंना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "जागा तुझी. फक्त लायसन्स आण." फोरमनला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळायचा आणि फॅमिली व्हिसा. उस्मानभाईंची मुलगी नऊ वर्षांची झाली होती. तिला त्यांनी चार वेळा पाहिलं होतं, चार रजांत. त्यांच्या बायकोची, आमिनाभाभींची, पत्रं मीच वाचून दाखवायचो, कारण उस्मानभाईंचा चष्मा नेहमी नेमका त्याच वेळी सापडायचा नाही. शेवटच्या पत्रात मुलीने खाली स्वतः लिहिलं होतं, "अब्बा, फ्लॅटला खिडकी आहे का?" ते मी दोनदा वाचून दाखवलं.

*

पहिल्या टेस्टला उस्मानभाई भर रस्त्यात थांबले. परीक्षक म्हणजे सहा फुटी, मोठ्या मिशीचा माणूस. त्याने हिंदीत विचारलं, "क्या हुआ?"

"पीछे का चाक का बेअरिंग बोलता है, साहेब."

फेल.

दुसऱ्या टेस्टला ड्रमांच्या मधून रिव्हर्स घ्यायचं होतं. अर्ध्यात उतरून ते गाडीखाली वाकले. सायलेन्सरचा क्लँप सैल होता म्हणे. फेल. तिसऱ्या वेळी थांबले नाहीत, पण शेजारून गेलेल्या ट्रकचं फायरिंग चुकतंय म्हणून त्याच्याकडे बघत राहिले, आणि लाल सिग्नल राहिला बाजूला.

परीक्षक वाईट नव्हता. दर वेळी समजावायचा, "भाई, रस्ता देखो. गाडी मत सुनो."

"भाऊ," उस्मानभाई मला म्हणाले, "बायको समोर रडत असली तर मी खिडकीबाहेर बघू काय?"

*

पाच टेस्ट गेल्यावर बातमी क्लबात पोचली. आणि मग इंग्रजांना काय आनंद झाला! इतकी वर्षं ते सल्ला घ्यायला यायचे, आता द्यायला येऊ लागले. प्रिंगल साहेबांनी ट्रॅफिकच्या नियमांचं इंग्लंडमधलं पुस्तक आणून दिलं. त्यात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत होत्या. बहारीनमध्ये उजव्या!

कॅप्टन मात्र कृतीचे माणूस. त्यांनी एका शुक्रवारी उस्मानभाईंना आपल्या गाडीत घालून मोकळ्या मैदानात नेलं. दोन तास ट्रेनिंग. शनिवारी सकाळी छाती काढून काउंटरवर आले.

मी विचारलं, "कसं झालं, सर?"

"फर्स्ट क्लास!"

"किती चालवली त्यांनी?"

"चालवली? छे! दहा पावलांवर त्याने बॉनेट उघडलं. कार्बुरेटर खोलला, साफ केला, जोडला. गाडी आयुष्यात इतकी चांगली पळाली नव्हती. पुढच्या शुक्रवारीही ट्रेनिंग देणार आहे!"

*

मिसेस हार्पर विचार करणाऱ्या. त्या म्हणाल्या, अडचण कानांची आहे, तर कान बंद करा. त्यांनी स्वतः कापूस आणला, निळ्या कागदातला, चांगल्यातला. सहाव्या टेस्टला उस्मानभाई कानांत कापसाचे बोळे घालून बसले.

आणि खरंच, काय सुरेख चालवली म्हणे त्यांनी! नजर रस्त्यावर, हात जागेवर. परीक्षक म्हणाला, उजवीकडे घ्या. उस्मानभाई सरळ. परीक्षक म्हणाला, थांबा. उस्मानभाई सरळ. तो ओरडायला लागला, हे सरळच. तशीच गाडी मीना सलमानला आली आणि आमच्या गेटासमोर उभी राहिली. मी काउंटरवरून बघत होतो.

गेट दिसल्यावर बारा वर्षांच्या सवयीने उस्मानभाईंनी ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला, आणि परीक्षकाला तसाच सोडून खाली उतरले.

*

विलकॉक्स साहेबांनी सांगितलं, सातवी टेस्ट शेवटची. नाहीतर इंग्लंडहून माणूस येईल, त्याचं पत्र टाइप करून टेबलावर ठेवलंय. ते पत्र मीच टाइप केलं होतं. टेस्ट पुढच्या मंगळवारची.

त्याआधीच्या गुरुवारी गेटातून एक मोठी पांढरी गाडी आत आली. उस्मानभाई दुसऱ्या गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, "क्लच गेला. पाय ठेवून चालवतोय गाढव."

गाडीतून सहा फुटी परीक्षक उतरला. युनिफॉर्म नव्हता, पांढराशुभ्र, पायघोळ अरबी तोब घातलेला. गाडी त्याची स्वतःची, दोनच वर्षांची.

मी मागे धावलो. "उस्मानभाई, आज पाया पडतो. क्लच बदला, सलाम करा, आणि गप्प राहा. हवं तर तो कापूस तोंडात घाला."

"मी काय बोलतो काय कधी?" ते म्हणाले.

क्लच बदलला. दीड वाजला. थॉमस रजेवर केरळला, फोरमन नोकरी सोडून गेलेला, विलकॉक्स साहेब कुणाला तरी आणायला विमानतळावर. ट्रायल घ्यायला लायसन्सवाला माणूस मफी, एकही नाही! परीक्षकाला घाई होती. तो म्हणाला, "मैं चलाता है. तुम बैठ के सुनो." उस्मानभाई त्याच्या शेजारी बसले, जॉब कार्ड भरायला मी मागे.

गाडी जुफैरपर्यंत गेली आणि वळून परत आली. उस्मानभाई डोळे मिटून बसले होते. परीक्षक गियर बदलायचा, आणि पाय क्लचवरच राहायचा. दर वेळी उस्मानभाईंची मान ताठ होताना मला मागून दिसत होती. मी हळूच त्यांचा शर्ट ओढला. पुन्हा ओढला.

आवारात येऊन परीक्षकाने इंजिन बंद केलं. खुशीत होता. "क्या बोलता है? पास?"

उस्मानभाई अजून डोळे मिटूनच.

माझ्या डोळ्यांसमोर ते टाइप केलेलं पत्र. मी मराठीत म्हणालो, "पास म्हणा आणि उतरा, उस्मानभाई. पोरीचा विचार करा."

"तिचाच करतोय," ते म्हणाले. "पण सहा महिन्यांत हा क्लच परत जळेल रे. तेव्हा हा मला विचारेल, तुला आयकायला नव्हता आला काय? मग मी काय सांगू?"

मग डोळे उघडून ते परीक्षकाकडे वळले.

"गाडी पास है, साहेब. ड्रायवर फेल."

मी पेन खिशात ठेवलं. आता लिहिण्यासारखं काही राहिलंय असं मला वाटेना.

"पाँव क्लच पे रखके चलाता है आप," उस्मानभाई शांतपणे सांगत होते. "गियर डाला, पाँव नीचे. क्लच का गलती नहीं. आप का पाँव का गलती."

परीक्षकाने खाली बघितलं. इंजिन बंद होतं, गाडी उभी होती, आणि त्याचा पाय अजून क्लचवर होता. तो त्याने हळूच उचलून खाली ठेवला.

मग तो उतरला. बॉनेटला वळसा घालून उस्मानभाईंच्या बाजूला आला आणि दार उघडलं. मी मनातल्या मनात आमिनाभाभींना पत्र लिहायला घेतलं होतं.

"उतरो."

उस्मानभाई उतरले. परीक्षक त्यांच्या जागेवर बसला, दार लावून घेतलं, आणि मागे हात करून माझ्याकडून जॉब कार्ड आणि पेन मागून घेतलं. चावी गाडीलाच लटकत होती.

"यल्ला," तो म्हणाला. "चलाओ."

उस्मानभाई फिरून गेले आणि स्टीअरिंगवर बसले. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. त्यांनी आधी सीट पुढे ओढली.