माझ्या वाट्याचं आमेन

गळा तूच दिलास आणि तूच आवळलास, आता तुझी स्तुती कोणत्या तोंडानं करू, असा माझा देवाशी तंटा चालला होता. तोही मनातल्या मनात, कारण माझी वाचाच गेली होती.

देवपूरच्या आमच्या चर्चमधली गायनमंडळी मी तरुणपणापासून चालवत आलो. त्या वर्षी ईस्टर तोंडावर आला होता, धुळ्याचं ऊन मी म्हणत होतं, आणि सरावात बायकांची बाजू पुन्हा घसरली. मी मुळात तापट माणूस. "पुन्हा!" म्हणून ओरडायला तोंड उघडलं, तर बाहेर पडलं नुसतं "त... त..." आधी सगळे हसले. मास्तर चेष्टा करताहेत असंच वाटलं त्यांना. मग माझा उजवा हात पेटीवरून गळून पडला, तेव्हा हसू थांबलं.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण वाचेचं काही सांगता येत नाही. घरी आणलं. शब्द डोक्यात लख्ख असायचे, जिभेवर यायचे नाहीत. पाणी हवं तरी पेल्याकडे बोट दाखवायचं. बायको माझ्यासमोर हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. मी प्रार्थना सोडून दिली.

ईस्टरच्या दुपारी मंडळी घरी आली. बायको त्यांना दारातच अडवू लागली, "नका हो त्यांच्यापुढं गाऊ. जिवाला लागेल त्यांच्या." पण आमचे तबलजी दावीद नाना, खेड्यातलं म्हातारं माणूस, ऐकतात कसले! "अक्का, आम्ही गासूत नहीं ते मंग काय करसूत?" म्हणत ते आत येऊन बसलेसुद्धा.

आमच्यात एक पद्धत होती, मीच घातलेली. गीत संपलं की सगळ्यांनी गप्प राहायचं आणि शेवटचं आमेन मी एकट्यानं म्हणायचं. मध्ये कुणी तोंड घातलेलं मला खपत नसे. त्या दिवशीही गीत संपलं आणि सवयीनं सगळे थांबले. मी मुका झालोय हे विसरूनच गेले! चूक ध्यानात आली तशी एकेकाची मान खाली गेली. बायकोनं तोंडाला पदर लावला. माझ्या वाट्याचं आमेन म्हणून टाकायचा धीर कुणालाच होईना.

आणि खोलीत आमेन उमटलं. लांबलचक, अगदी सुरात. कोण म्हणालं म्हणून मी दाराकडे पाहिलं. देवाशपथ सांगतो, मला कळलंच नाही! सगळे डोळे फाडून माझ्याकडे बघत होते. मला भीतीच वाटली. नाना पुटपुटले, "मास्तर, हाऊ ते तुमनाच आवाज शे!"

मी बायकोला हाक मारायला गेलो, तर पुन्हा "त... त..." तिचा चेहरा पडला. तेवढ्यात नानांनी पेटी ओढून तोच सूर धरला. लग्नापासून मी तिला 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती. तो सूर कानावर पडला आणि आमेनच्या चालीवर तिचं नाव बाहेर आलं, "सु...म...ती." ती मटकन खालीच बसली.

डॉक्टर म्हणाले, गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं. असेल बुवा. पण इतक्या माणसांना एकाच वेळी विसर कुणी पाडला, हे मी त्यांना विचारलं नाही. आता बोलतो मी, अडलो की गातो, आणि बाजारात भाजीवाल्या हसतात.

आमेन म्हणजे 'तसंच होवो'. इतकी वर्षं मी ते हक्कानं गायलो, पण देवाच्या मर्जीला खरंखुरं 'होवो' कधी म्हटलं नव्हतं. आता शेवटचं आमेन आम्ही सगळे मिळून म्हणतो. सुमतीही मागच्या बाकावरून म्हणते, जरा बेसूरच. मी तिला पुन्हा म्हणायला लावत नाही.