मथुराकाकीच्या कुणग्यातला नवा ट्रॅक्टर

मसुऱ्यात भातकापणी उरकत आली होती, तेव्हा मथुराकाकी परबीणीच्या खळ्यात छोटा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. काकीने त्याला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकाशी नारळ फोडला आणि मागे सरून एकदा डोळे भरून पाहिलं. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या नांगराची आणि दुसऱ्यांच्या टिलरची वाट पाहिली होती. नवरा बोटीवर. घरात पुरुषमाणूस नाही म्हणून तिची पाळी कायम शेवटची. भात निघालं की जमिनीत ओल असेतोवर कुळीथ पेरायचा, तर हिच्या कुणग्यात, भाताच्या वाफ्यात, नांगर यायचा तोवर माती खडखडीत वाळलेली. मग कुळीथ उगवायचा तोही म्हाताऱ्याच्या डोक्यावरच्या केसांसारखा, इथे चार, तिथे दोन.

यंदा नवरा कायमचा घरी आला होता. बाळा परब. सगळी उमर बोटीच्या इंजिनरूममध्ये तेलपाणी करण्यात गेलेली. आल्या आल्या त्याने विचारलं, "तुका काय होया ता सांग." काकीने एका दमात सांगितलं, "ट्रॅक्टर."

ट्रॅक्टर आला खरा, पण काकीच्या मनात एक सल होता आणि तो तिने कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. बाळा घरी आल्यापासून तिच्याशी धड बोलत नव्हता. चुलीपाशी बसून हाक मारली तर ओ देत नसे. जेवताना ती गावातलं काहीबाही सांगायची, हा ताटात बघून मान हलवायचा, आणि तीही भलत्याच जागी. मुंबईहून लेकीचा, आकांक्षाचा फोन आला की दोन शब्द बोलून "तूच बोल" म्हणत फोन हिच्या हातात. काकीने मनाशी ठरवून टाकलं, या माणसाला समुद्राची सवय, घराचा कंटाळा आलाय. आणि माझाही. बोलून काय उपयोग? ती आपली गप्प राहून भाकऱ्या थापायची.

ट्रॅक्टर पोचवायला सुशांत नावाचा मेकॅनिक आला होता. त्याने बाळाला सगळं समजावून दिलं. "काका, सुरवातीचे दिस ह्येका जड काम लावू नकात. एकाच रेसवर तासन्‌तास चलवू नकात, नि उगाच उभो करून चालूय ठेवू नकात. आणि आवाजाकडे कान ठेवा. आवाज बदाललो की बंद करा नि माका फोन करा."

बाळाने सुशांतच्या तोंडाकडे टक लावून सगळं समजून घेतलं. शेवटच्या वाक्याला त्याचा चेहरा जरा उतरला, पण काकीला वाटलं, ऊन लागत असेल.

दुसऱ्या दिवसापासून बाळाने ट्रॅक्टर असा चालवायला घेतला, जणू बाळंतिणीला परसात फिरवतोय. सकाळी इंजिन जरा गरम होऊ द्यायचं, मग रिकामाच पाणंदीने न्यायचा, परत आणायचा, कधी हळू, कधी जरा जोरात. दोन दिवसांनी मागे हलके फण लावले, तेही मातीत जेमतेम बोटभर. शेजारचा अजय बांधावरून ओरडला, "काकी, ट्रॅक्टर देवघरात ठेवतलास काय?"

काकीचा जीव ओलीसाठी तुटत होता. वरचे कुणगे पांढरे पडायला लागले होते. ती बाळाच्या पुढ्यात जाऊन म्हणाली, "अवो, ओल चल्ली. जरा जोर लावा."

"नव्या इंजिनाक पयल्यांदाच दमवलंव तर ता जल्मभर धापा टाकतला," एवढंच तो म्हणाला. पण खालच्या कुणग्यात माती अजून मऊ होती. तिथे उतरायचं त्याने कबूल केलं.

त्या दिवशी काकी मागे राहून फणात अडकणारं गवत आणि धसकटं वेचून बांधावर टाकत होती. ट्रॅक्टरच्या मागे काळीभोर माती उलटत होती आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं. एवढ्यात आवाज बदलला. इंजिनाच्या एकसुरी घरघरीत मधूनच पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड. काकी दचकली.

"अवो! थांबवा! बंद करा!"

बाळा पाठमोरा, आरामात बसलेला. खडखड वाढली. काकी पुन्हा ओरडली, हातातलं गवत टाकून ओरडली. तो वळूनही बघेना. तिच्या डोक्यात तिडीक गेली. घरात बोलत नाहीस ते नाही, आता मशीन मोडायला आलं तरी बायकोला ओ द्यायची नाही? तिने पदर खोचला, कुणगा आडवा कापत धावली आणि ट्रॅक्टरच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली.

बाळाने करकचून ब्रेक दाबला. ट्रॅक्टर तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मरूचा आसा काय तुका?"

"घसो फुटेपर्यंत बोबाटतंय मी! आवाज येता इंजिनातून!"

"कसलो आवाज?"

इंजिन अजून चालूच होतं. दोघांच्या मधोमध ते खडखडत होतं, आणि बाळा तिच्याकडे बघून विचारत होता, कसला आवाज. काकीचे पसरलेले हात खाली आले.

त्याने चावी फिरवली. कुणग्यात एकदम शांत झालं. तो खाली उतरला, बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता बोलला, "माका आयकाक येणा नाय गो. डाव्या कानान तर कायच नाय. उजव्यान, समोर उभी ऱ्हवान बोललंस तर थोडा समाजता. पायाक हादरे लागतत, तेच्यारसून इंजिन कसा चल्लाहा ता वळाखतंय. ही खडखड काय कळाक नाय."

"मगे माका सांगूक कित्याक नाय?"

"बोटीर कळला असता तर कधीच घराक धाडल्यानी असता. आणि हयसर येवन तुका काय सांगतलंय, भयरो होवन इलंय म्हणान?"

काकी तिथेच मातीत बसली. तिला रडू आलं, आणि रडतारडताच हसूही फुटलं. बाळा घाबरून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"म्हंजे तुमी माज्यार रागावलास नाय?" तिने त्याच्या उजव्या बाजूला तोंड नेऊन विचारलं.

"तुज्यार? कित्याक?"

"माका वाटला, तुमका माज्यावांगडा बोलूकच नको वाटता."

बाळा मातीने भरलेल्या हाताने तिचा हात धरून बसून राहिला. वरच्या बांधावरून अजय बघत होता, पण दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

सुशांतला फोन काकीनेच केला. दुसऱ्या दिवशी तो येईपर्यंत मात्र दोघं आळीपाळीने ट्रॅक्टरपाशी जाऊन बघून येत होती. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, आत डोकावला आणि हसला. सायलेन्सरच्या पत्र्याचा बोल्ट ढिला झाला होता. "नवीन मशीनीचे बोल्ट सुरवातीक सैल होतत, काकी. इंजिनाक काय्येक झालेला नाय. टायमार बंद केलास ता बरा." त्याने पाना घेऊन बाकीचेही बोल्ट आवळले. काकीने कान देऊन ऐकलं. घरघर पुन्हा एकसुरी झाली होती. तिने बाळाला मान हलवून सांगितलं आणि तोही हसला.

त्यानंतर सीटवर काकी बसायला लागली. इंजिनरूमच्या गोंगाटात माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात. ते हातवारे बाळाने तिला शिकवले. तो बांधावर उभा राहून तळवा खाली करायचा, की ती रेस कमी करायची. मूठ वर केली, की थांबायची. दोनदा इंजिन बंद पडलं, एकदा मेर, कुणग्याच्या कडेचा बांध, थोडी ढासळली. बाळाने फावड्याने ती नीट केली. कुळीथ ओलीत पडला आणि आठवड्याभरात एकसारखा उगवून वर आला.

कुडाळच्या कानाच्या डॉक्टरने बाळाला ऐकायचं मशीन दिलं. पहिल्या दिवशी तो वैतागला होता. कोंबड्या एवढ्या ओरडतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. काकी त्याला म्हणाली, सवय होईल, आणि गावातली राहिलेली सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला बसली.