अळणी पेज

हौसाकाकीला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. न्हाणीत फुरसं निघालं तर आधी त्याला शिव्या आणि मग काठी, अशी ती बाई. नवरा दर्यावर गेला तो परत आला नाही. तेव्हापासून डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन तिने बाजार केले आणि पोराला, नितेशला, मोठ्या बोटीवरच्या नोकरीपर्यंत पोचवलं. तोंड असं, की नाटे बंदरावरच्या बायकाही तिच्याशी भांडायला धजत नसत.

आमची वाडी नाटे गावाच्या अलीकडे. माडांच्या पलीकडे लगेच समुद्र. वाडीला प्यायचं पाणी एकच, हौसाकाकीच्या परसातल्या विहिरीचं. समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं, याचा तिला केवढा तोरा! होडीवाले कॅन भरून न्यायचे आणि ही रहाटाशी उभी राहून ओरडायची, "सांडू नको रे मेल्या, दर्याचं पानी नाय ता!"

गेल्या वैशाखात विहीर तळाला गेली. आमच्याकडे पाणी आटलं की उपाय ठरलेला, विहीर आणखी खाली खणायची. वाडीतल्या बाबल्याने माणसं आणून कातळ फोडला, आणि पाणी असं वर आलं की काकीने नारळ फोडून घरोघर गूळखोबरं वाटलं. मीही चाटून पुसून खाल्लं.

यंदा नितेशची बायको अक्षया पहिलटकरीण. सहावा लागला तसे तिचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी प्रेशर बघितलं आणि मीठ कमी करायला सांगितलं. असंच चढत राहिलं तर आईला आणि बाळाला, दोघांनाही धोका आहे, हे त्यांनी काकीच्या समोरच सांगितलं.

त्या दिवसापासून काकीच्या चुलीवर अळणी पेज, अळणी भाजी, अळणी कालवण. लोणच्याची बरणी आणि सुकट माळ्यावर गेली. आणि अंगातली सूज उतरावी म्हणून अक्षयाला तांब्यावर तांब्या पाणी.

"पी गो बाय, पी. पान्यानं उतरंल सगळा."

उतरलं नाही, चढलं. काकीला वाटलं, पोरगी चोरून खाते. अक्षया झोपली की ती तिचा हात हुंगून बघायची, सुकटीचा वास येतो का म्हणून. एकदा तर तिने सरळ विचारलंच, "माज्या नातवंडाच्या जिवावर कशाला उठलीस?" अक्षया शेजारी माझ्याकडे येऊन रडली. "दर्शनावैनी, देवाशपथ, मी काय खात नाय." तिच्या डोळ्यांखाली सूज होती, बोटातली अंगठी निघत नव्हती. मी तिला समजावलं, पण खरं सांगायचं तर मीच हादरले होते.

सातव्या महिन्यात ओटी भरायला अक्षयाची आई मालन आली, तेव्हा मीही तिथेच होते. माणसं लांज्याकडची, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पिणारी. लेक पेज संपवीना, म्हणून राहिलेली पेज मालनने स्वतः तोंडाला लावली आणि थांबली.

"विहीणबाई, पेजेत मीट हाय."

काकी भडकली. "मी सोता रांधलंय. मिटाचा खडा नाय घातला त्यात."

मालनने मग नुसतं पाणी घेतलं. एक घोट घेतला आणि दाराबाहेर जाऊन थुंकली. काकी तोच तांब्या घेऊन माझ्याकडे धावत आली. "दर्शना, तू चव बघ. बघ गो लवकर!"

मी पाणी प्यायले. मला ते नेहमीचंच लागलं. रोज थोडं थोडं खारट होत गेलेलं पाणी आमच्या जिभांनी निमूटपणे गोडं मानून घेतलं होतं. हेच पाणी मी माझ्या पोरांना पाजत होते.

पाणी तपासायला तालुक्याहून माणूस आला. म्हणाला, वर पावसाचं गोडं पाणी असतं आणि त्याच्या खाली दर्याचं खारं. दर्या चढतोय, तसं खालचं खारं पाणी जमिनीतून आत सरकतंय. "त्यात तुम्ही विहीर खणत खणत त्याच्याच अंगावर गेलात."

संध्याकाळी नितेशचा बोटीवरून फोन आला. त्याची बोट उत्तरेकडच्या कुठल्याशा देशात होती, आणि फोनच्या पडद्यावर तिथल्या बर्फाचा अख्खा कडा समुद्रात कोसळत होता. "आये, हा असा वितळून दर्यात येतो. म्हणून दर्या चढतो."

"आणि थांबतो कधी?" काकीने विचारलं.

नितेशने विषय बदलून अक्षयाची चौकशी केली. काकीने फोन माझ्या हातात दिला. या दुश्मनाला काठी कुठे मारणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालन लेकीला माहेरी घेऊन निघाली. आमच्याकडे बाळंतीण सासरी परतली की बाळाला घेऊन आधी घरची विहीर पूजते, मगच पाण्याला हात लावते. रिक्षात बसता बसता मालन रीत म्हणून बोलली, "सगळा नीट झाला की आनून पोचवते. विहीर पुजायची तयारी ठेवा."

काकीने रिक्षाची दांडी धरली.

"नको. विहीर तुमच्याकडचीच पुजा. पोर होऊ दे नायतर पोरगी, हिकडं आनू नका."

अक्षयाने तोंडाला पदर लावला. मालन घाबरून म्हणाली, "अवो, आनि तुमी?"

काकीने दांडी सोडली आणि रिक्षावाल्याला निघायला खुणावलं. रिक्षा वळणाआड गेली. ऊन चढायला लागलं होतं, घरात पाण्याचा थेंब नव्हता. आम्ही दोघी विहिरीवर गेलो आणि त्याच पाण्याच्या कळशा भरून घरी आणल्या.