पळसाच्या पानांचा धोंडबा

नव्या कारखान्याच्या मजूरवस्तीत, कॅम्प-१ मध्ये, गिरजाबाई आमच्या शेजारच्या खोलीत राहत. कारखान्याच्या पायाभरणीवर त्या रेजा, म्हणजे मजूरबाई, होत्या; डोक्यावर मातीचं टोपलं, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांचा नवरा धोंडबा खुनाच्या शिक्षेवर अंदमानला गेला आणि १९३८ साली आणखी दोन कैद्यांसोबत बांबूच्या तराफ्यावरून पळाला. सरकारी कागदात ‘फरार’ एवढंच आलं. मुलगा चंपत तेव्हा दोन वर्षांचा होता.

त्या तिघांचं काय झालं असेल, याबद्दल नळावर प्रत्येकाचं मत ठरलेलं. शामराव फिटर म्हणत, मगरीनं खाल्लं. पंजाबराव म्हणत, जंगलातल्या लोकांनी बाणांनी मारलं.

“नाही तं बर्म्यात दुसरी करून बसला असन,” एखादी चिडवी.

“बसू दे. तिले सांगजो, त्याले वांगं चालत नाही.”

सगळ्या हसत. मग गिरजाबाई हळूच म्हणत, “भर पुरात वैनगंगा पार करे तो. समुद्र तं एका जागीच रायते.”

१९५८ मध्ये चंपत कारखान्यात खलाशी, म्हणजे फिटरचा मदतनीस, म्हणून पक्का होणार होता. अर्जात बापाचा रकाना होता. ‘फरार’ लिहिलं तर पोलीस तपासणीत नोकरी जायची भीती. ‘मयत’ लिहायला गावच्या पाटलाचा दाखला हवा. त्यांच्या भंडाऱ्याकडच्या गावचे दौलतराव पाटील म्हणाले, “ज्याची क्रिया झाली नाही, त्याले मेला कसा लिहू?”

बेपत्ता माणसाची क्रिया त्यांच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा जाळून करत. त्यानंतर तो जिवंत परतला, तरी त्याला घरात घेत नसत.

“माय, तो बुडला,” चंपत म्हणाला.

“तू पाह्यलं?”

“वीस वर्सं झाले!”

“मी मोजून राहिली ना. तू मले कावून सांगतं?”

तीन दिवस त्या मुलाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी स्वतःच पळसाची पानं तोडून आणली. शिवनाथ नदीच्या काठी पुतळा केला. पाटील म्हणाले, लहानसा चालतो. गिरजाबाईंनी मात्र पुरुषभर उंचीचा केला. पेटवण्याआधी पदरानं कुंकू पुसलं. ओलं पान फट्‌कन फुटलं, तेव्हा त्या एक पाऊल पुढे झाल्या. चंपतनं दंड धरला.

चंपत पक्का झाला.

पुढल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांच्या दारात म्हातारा उभा राहिला. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. म्हातारा उन्हानं रापलेला, एक कान अर्धा गेलेला.

“भंडाऱ्याकडचे लोक इथंच रायतेत का?”

“हो. कोण पायजे?” चंपतनं विचारलं.

म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “पाणी.”

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. चंपतनं वळून विचारलं, “माय, कोण होय हा?”

दाराआडून गिरजाबाईंचा आवाज आला. इतका बारीक, की मला आधी ओळखू आला नाही.

“पाणी दे बाबू. बाहेरच दे. अन् नाव नको इचारू.”