अर्ध्या गोळीचा कौल

देवीवर मी चिडले होते, हे आधीच सांगते. नंतर पाया पडले म्हणून ते पुसलं जात नाही.

ह्यांच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर पुण्याच्या डॉक्टरांनी दुखण्यावर अफूच्या जातीची कडक गोळी दिली होती. तिच्यासोबत झोपेची, मन शांत करायची कसलीही गोळी द्यायची नाही, असं दोनदा बजावलं होतं. मी मान डोलावली. तसल्याच गोळ्यांचं पाकीट वर्षभर माझ्या शिवणाच्या डब्यात होतं, माझ्या घाबरण्यावरचं. ह्यांनाही ठाऊक नव्हतं. भोरमध्ये बाईच्या डोक्याची चर्चा व्हायला वेळ लागत नाही.

ह्यांना चार दिवस झोप नव्हती. माझ्यावर ओरडायचे, मग रडायचे. माझ्याच्याने बघवेना. माझ्यातली अर्धी गोळी द्यावी, असं वाटलं. पण डॉक्टरांना फोन करून विचारलं असतं, तर माझी गोळी सांगावी लागली असती. म्हणून सकाळी देवळात गेले आणि गुरवांना कौल लावायला सांगितलं. त्यांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. अर्धी गोळी देऊ का, असं मनात विचारलं. उजवी पडली, म्हणजे होकार. घरी येऊन अर्धी गोळी दुधात विरघळवून ह्यांना दिली.

दुपारी हे घोरू लागले. मला इतकं बरं वाटलं, की मी देवापुढे दिवा लावला. मूर्खपणाला तुपाची वात.

तेवढ्यात वेल्ह्याकडची एक करवंदवाली दारात आली. कधी पाहिलेली नव्हती. पाटी उतरवता उतरवता थबकली.

"बाई, आत कोन झोपलंय?"

"आमचे हे. चार दिवसांनी डोळा लागलाय."

"ही झोप न्हाई. दारूवर गोळी घेतली हुती, तवा आमच्या मालकास्नी अशीच घरघर लागली. म्याबी म्हनलं, झोपू द्या."

ती सरळ आत शिरली. ह्यांचे ओठ काळेनिळे पडले होते, हलवलं तरी जाग नव्हती. तिने ह्यांना कुशीवर वळवलं, शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली आणि आमच्यासोबत दवाखान्यात आली. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काय दिलंत? गाडीवाले शेजारी तिथेच उभे होते. मी ह्यांचं पांघरूण सारखं करू लागले. तिने माझं मनगट धरलं.

"बोला बाई. लाज मागनं बगू."

मी बोलले. अफूचा अंमल उतरवणारं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, दोन दिवस ठेवून घेतलं. दोन्ही औषधं मिळून श्वासच मंद करत नेतात, अर्ध्या गोळीनेही माणूस जाऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन पाहिलं तर ती निघून गेली होती. घरी आले तर पाटीही ओसरीतून नेलेली. पुढे वेल्ह्याच्या बाजारात पुष्कळ शोधलं, नाव विचारायचं राहिलं होतं. तिचा नवरा गेला, म्हणून माझा वाचला. ही कसली कृपा, असं मी देवीला तोंडावर विचारलं. उजवी का पाडलीस, म्हणून भांडलेही. पण डावी पडली असती तर मी पुन्हा कौल लावला असता, हे ती जाणून असणार. देवीवर भार टाकला, असं मी म्हणत होते. खरं तर तिच्या पदराआड लपले होते. ती मात्र करवंदं घेऊन दारात आली, असं मी मानते. कुणी मानू नये.

माझी गोळी मी आता उघड घेते. हे आपली गोळी स्वतः नाव वाचून पाकिटातून काढतात, माझ्या हातून घेत नाहीत. पाण्याचा पेला मात्र अजून माझ्याच हातून घेतात. तेवढ्यासाठी रोज देवळात जाते. फूल वाहते आणि काही न विचारता परत येते.